ताटात मांडलेली गाडी

भाऊजी, तुमचं ताट मी घासलं.

दुसऱ्या कुणी घासलं असतं तर तिला मी जन्मभर पुरेल एवढं बोलले असते. पण घासलं मीच. दहाव्याचा दिवस होता. घर धुवायचं, भांडीकुंडी बाहेर काढायची, म्हणून बायकांनी स्वयंपाकघरातली, देवघरातली, शेडातली सगळी भांडी गोळा करून मोरीपाशी ढीग घातला आणि मी राखेची वाटी घेऊन बसले. मला हाताला काम हवं होतं. एक मोठं ताट आलं, वर फडकं झाकलेलं. मी ते फडक्यासकट उपडं केलं आणि काथ्या फिरवायला लागले. मोरीच्या तोंडाशी पितळेचं काहीतरी किणकिणलं आणि पाण्याबरोबर खाली गेलं. तेव्हा कुठे माझं डोकं जागेवर आलं. तोवर निम्मं ताट लख्ख झालं होतं.

त्या ताटात आपल्या गाडीचं, इंजिनाला पेट्रोल पाजणारं कार्बोरेटर होतं. तुम्ही गेलात त्या दुपारी तुमच्या हातानं सोडवून मांडलेलं.

तुमची ती रीत कुणाला सांगितली तर लोक हसतात. बाकीचे मेकॅनिक सुटे भाग डब्यात टाकतात, नाहीतर वर्तमानपत्रावर पसरतात. तुम्ही मात्र जेवणाचं ताट वाढावं तसे मांडायचे. सुरुवात मिठापासून. मिठाच्या जागी सुई. डाव्या हाताला लिंबाच्या फोडीच्या जागी लहान जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी तोटी, चटणीच्या जागी मोठा जेट, कोशिंबिरीच्या जागी स्प्रिंगा. उजवीकडे भाजीच्या जागी फ्लोट, आणि मधोमध भाताच्या जागी सगळे स्क्रू. "वाढतानी मिठापासून सुरू, उचलतानी भातापासून," असं तुम्ही म्हणायचे. "वैनी, तुमाले ताट वाढाले कोनी शिकवलं का? मंग हे काऊन शिकवा लागते?" मी म्हणायचे, ताट वाढायला सासूबाईंनी शिकवलं, आणि चटके देऊन शिकवलं. सासूबाई तुमच्याच आई, त्यामुळे तुम्ही नुसते हसायचे.

त्या दिवशी मी मोरीच्या नळीत कोपरापर्यंत हात घातला. गाळ, राख, केस, भाताची शितं, सगळं उपसून ओसरीवर पसरलं. मोठा जेट सापडला. फ्लोट, सुई, स्प्रिंगा आणि स्क्रू फडक्यात गुंतून राहिले होते. लहान जेट काही सापडला नाही. हरभऱ्याच्या दाण्याएवढी वस्तू, भाऊजी! मी तिच्यासाठी गटारापर्यंत खोदत गेले. सुमन दारात उभी राहून पाहत होती. तुमची बायको, माझी धाकटी जाऊ, नऊ दिवस झाले तरी डोळ्यांतून टिपूस न काढलेली.

"काय शोधून राह्यल्या, बाई?" तिनं विचारलं.

"बांगडी," मी म्हणाले.

माझे हे, तुमचे दादा, जाऊन पंधरा वर्षं झाली. पंधरा वर्षांत माझ्या हातात काचेची बांगडी नाही. ती आत गेली.

तुम्ही मला ओरडा, भाऊजी. कुणीच ओरडत नाही. सगळे "राहू द्या, होते असं" म्हणतात आणि दुसरीकडे बघतात.

गाडी नक्की कुणाची, हा प्रश्न आपल्या गावात कुणी विचारत नाही. जिनवाल्या शेठनं कापसाचा धंदा गुंडाळला तेव्हा जाताना आपल्या ड्रायव्हरच्या, म्हणजे ह्यांच्या, हातात त्या मोतिया रंगाच्या अँबेसिडरची किल्ली दिली आणि म्हणाला, गावाच्या कामी येऊ दे. दादानं चालवायची, धाकट्यानं सांभाळायची, अशी तुम्हा दोघा भावांची वाटणी झाली. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन निघालेल्या पोरांच्या पुढे तीच, झेंडावंदनाच्या पाहुण्याला आणायला तीच, आणि गावातली कुठलीही पोरगी सासरी निघाली की तिला शिवेवरच्या मारुतीपर्यंत पोचवायला तीच. मग तिची जात कोणती, बापाची जमीन किती, हे बघायचं नाही. मारुतीपाशी पोरगी उतरायची आणि सासरच्या गाडीत बसायची. तिथवर तिचं गाव तिला पोचवणार, असा रिवाज पडला. हे गेले तेव्हा सहा महिने गाडी शेडात उभी राहिली आणि त्या सहा महिन्यांत चार पोरी भाड्याच्या जीपमधून गेल्या. तुम्ही प्रत्येक वेळी शेडाचं दार लावून आत बसायचे.

तुम्हाला चालवता येत नव्हती. तरुणपणी बैलबंडीवरून पडला होतात आणि डावा गुडघा वाकत नव्हता, त्यामुळे क्लच दाबणं शक्य नव्हतं. पण तुम्ही ते कबूल कुठे करायचे? "जो चालवते तो रस्ता पाह्यते. इंजन ऐकाले कोनीतरी पाह्यजे न बाजूले," असं तुमचं तत्त्वज्ञान. नाचता येईना अंगण वाकडं, मी म्हणायचे, आणि तुम्ही रागवायचे.

मग एक दिवस तुम्ही मला म्हणालात, वैनी, तुमी शिका.

जिनाच्या रिकाम्या आवारात, जिथे हंगामात कापसाच्या गंज्या लागायच्या, तिथे तुम्ही मला शिकवलं. मी पदर खोचून, चपला काढून बसले होते. गिअर त्या गाडीला स्टिअरिंगच्या दांडीवर. पहिल्याच दिवशी मी वजनकाट्याचा खांब ठोकला. तुम्ही लंगडत उतरलात, गाडीच्या नाकावरून हात फिरवलात आणि मग आठवण झाल्यासारखं माझ्याकडे वळून विचारलंत, "तुमाले लागलं का?" मी रडत होते, तरी हसू आलं. हे गेल्यावर मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं तेव्हा वाटलंच नाही.

चावडीवर किती बोलाचाली झाली! नवरीच्या पुढे विधवा बाई बसणार? शुभ कार्यात? तुम्ही कुणाशी वाद घातला नाही. किल्ली पारावर ठेवली आणि म्हणालात, "गाडीले सधवा-विधवा समजत नाई. तिले क्लच समजते. ज्याले जमते त्यानं चाबी उचला." दोघातिघांनी उचललीही. एकानं गाडी शेडातून काढेपर्यंत चारदा बंद पाडली, दुसऱ्याला गिअरच सापडेना. शेवटी किल्ली माझ्याकडे आली आणि पंधरा वर्षं माझ्याकडेच राहिली. मला वाटलं, मी मिळवली.

मे महिन्यातलं ते लग्न आठवतं? ऊन असं की डांबर चपलांना चिकटत होतं. मारुती फर्लांगभर राहिला आणि गाडी आचके द्यायला लागली. पंप तापून पेट्रोल चढत नव्हतं, ओलं फडकं गुंडाळायला हवं होतं, आणि फडकं घरी राहिलेलं. तुम्ही मागे वळलात, नवरदेवाच्या खांद्यावरचा नवा कोरा शेला ओढलात, कळशीतल्या पाण्यात बुडवलात आणि बॉनेट उघडून पंपाला गुंडाळलात. नवरदेव आ वासून बघत होता. नवरी रडता रडता अशी हसायला लागली की तिला उचकी लागली. दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली, तुम्ही शेला पिळून परत दिलात, काळाभोर, आणि म्हणालात, "जावईबापू, हा जपून ठेवजा. यानं तुमची बायको पोचवली." परवा ती पोरगी भेटायला आली होती, तिसरं लेकरू कडेवर घेऊन. शेला अजून ट्रंकेत आहे म्हणाली.

आणि मग ते कुंकू.

गाडी निघण्याआधी नवरीची आई ताट घेऊन येते. स्टिअरिंगला हळदकुंकू, चाकापुढे नारळ आणि चालवणाऱ्याच्या कपाळाला टिळा. ह्यांच्या वेळी असंच होतं. माझ्या वेळी स्टिअरिंगला बोट लागायचं आणि ताट माझ्या तोंडासमोरून तसंच पुढे जायचं. कुणी वाईट हेतूनं करत नव्हतं, त्यांचा हात आपोआप मागे यायचा. मी आरशात बघत राहायचे, जसं काही झालंच नाही. पण तुम्ही शेजारी बसून दात खायचे, ते मला ऐकू यायचं.

फाल्गुनातल्या लग्नाहून परतताना तुम्ही विषय काढलात. "पुढच्या लग्नात मी सोता सांगतो नवरीच्या मायले. लावा म्हनतो."

"नोका. हाय तसं चालू द्या."

"तुमी नोको म्हनता म्हून ते देत नाईत."

"मले पाह्यजेच नाई त कायले मागू?"

"खोटं नोका बोलू, वैनी."

बस, एवढंच. मग घरापर्यंत तुम्ही इंजिन ऐकत बसलात आणि मी रस्ता पाहत बसले. त्यानंतर आपण शंभर गोष्टी बोललो, तो विषय मात्र पुन्हा निघाला नाही. भाऊजी, मी खोटं बोलले होते. मला हवं होतं. प्रत्येक वेळी ते ताट समोर आलं की माझं कपाळ, हे लिहितानाही लाज वाटते, नकळत दोन बोटं पुढे व्हायचं. तुम्ही ते पाहिलं असणार. बाजूला बसलेल्या माणसाला सगळं दिसतं. मी "हो" म्हणाले असते तर तुम्ही अश्विनीच्या आईशी तेव्हाच भांडला असतात, आणि मला माझा मान तरी समोरासमोर मिळाला असता नाहीतर नाकारला गेला असता. आता विचारणारं कुणी राहिलं नाही.

अश्विनी म्हणजे बाबारावांची धाकटी. तिच्या लग्नाला तीन आठवडे होते म्हणून तुम्ही त्या दुपारी कार्बोरेटर सोडवलंत. "लगनाआधी पोट साफ करा लागते तिचं," म्हणालात, आणि चहा मागितलात. चहा घेऊन मी शेडात आले तर तुम्ही छातीवर हात दाबून चाकाला टेकला होतात, आणि चेहरा घामानं निथळत होता. मी ओरडले, माणसं धावली. आणि मग सगळ्यांच्या नजरा गाडीकडे गेल्या, आणि गाडीकडून ताटाकडे. जिनं गावची प्रत्येक पोरगी पोचवली ती गाडी तुम्हाला सेवाग्रामच्या दवाखान्यात पोचवू शकत नव्हती. शेजारच्याची पिकअप येईपर्यंत किती वेळ गेला मला माहीत नाही. तुम्हाला मागे हौद्यात गादीवर ठेवलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "वैनी, ताट झाकून ठेवा."

मी पळत मागे गेले, माझ्या खांद्यावरचं फडकं ताटावर टाकलं आणि परत पळत आले. दवाखाना दिसायला लागायच्या आतच तुम्ही गेलात.

बघा, मी तुमचं ऐकलं होतं. झाकलं म्हणून तर ओळखलं नाही. झाकलं नसतं तर कुणीही ते ताट मोरीकडे आणलं नसतं. रोज उठून मी एवढंच घोकते आहे आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हिंगणघाटला गेले. स्पेअर पार्टवाल्या पोऱ्यानं मोठा जेट हातात घेऊन फिरवला आणि म्हणाला, "बाई, हे आता अजायबघरातच भेटन." वर्ध्याला गेले. स्टेशनच्या मागच्या बाजूला एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं दुकान सापडलं. त्यानं बिस्किटाचा जुना डबा ओतला, भिंगातून एकेक तुकडा पाहिला आणि एक लहान जेट काढून दिला. वर दोन भागांच्या मध्ये बसवायचं एक तयार पॅकिंगही दिलं. मग विचारलं, "कोनाची गाडी?" मी गावाचं नाव सांगितलं. "नामदेवची? त्याले म्हना, येत जा कधी." तुम्ही गेल्याचं मी सांगितलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी निघाले तेव्हा पैसेही घेतले नाहीत.

घरी येऊन मी ताट मांडलं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. जागा सगळ्या पाठ होत्या. पण दोन स्प्रिंगांमधली वरची कोणती? तो तांब्याचा वायसर, तुम्ही स्वतः कापून केलेला, तो सुईच्या खाली की वर? स्क्रू किती आटे मागे घ्यायचा? तुम्ही दीड म्हणायचे आणि मग कान लावून बसायचे आणि अर्धा इकडे, पाव तिकडे करायचे. ते पाव मला कुठून आणायचे? जोडलं, स्टार्टर मारला. घरघर आणि पेट्रोल भळभळ बाहेर. सोडवलं, पुन्हा जोडलं. एकदा धाडकन फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि शेडातली कबुतरं उडाली. बॅटरी बसली. पुढून लोखंडी हँडल मारायला लागले तर हँडलनं उलटा फटका दिला आणि मनगट सुजून भाकरीएवढं झालं.

सुमननं हळद लावून दिली. ती या गाडीला सवत म्हणायची, तुम्हाला ठाऊकच आहे. तीस वर्षांत शेडाचा उंबरठा तिनं ओलांडला नाही. हळद लावता लावता म्हणाली, "हात मोडून घेता का आता? कोनासाठी?"

"अश्विनीसाठी," मी म्हणाले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिला माहीत होतं, भाऊजी. तिला तेव्हाच माहीत होतं.

लग्नाला तीन दिवस राहिले तेव्हा मी हरले. तुमच्या फोटोसमोर उभी राहून आटे विचारून झाले होते, नवस बोलून झाले होते. मी बाबारावांकडे गेले. मांडव पडत होता. मी हात जोडले आणि म्हणाले, "बाबारावजी, माफ करा. गाडी सुरू होत नाई. माया हातानं बिघडली. तीन दिवसांत दुसरं काई पाहा, मले लई वाईट वाटून राह्यलं."

बाबारावांनी सुतळीचा गुंडा खाली ठेवला. "बाई, तुमी जिवाले नोका लावून घेऊ. आमी पांढरी नवी गाडी सांगतली न हिंगनघाटची. सजवून देनार हाये."

"कवा सांगतली?"

ते बायकोकडे बघायला लागले आणि बायको मांडवाच्या खांबाकडे. "नामदेवभाऊ गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी," ते हळूच म्हणाले. "तुमाले तरास नोको म्हून बोललो नाई. आता भाऊच नाईत त..."

माणूस चांगला आहे. मला चहा पाजला, बसवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी. तुमची राख सावडून मी घरी येत होते तेव्हा. मी मोरीत हात घालून रडत होते, वर्ध्याची बस पकडत होते, मनगट सुजवून घेत होते, आणि गावात सुमनसकट सगळ्यांना हे ठाऊक होतं, कुणाला माझ्याकडून गाडी अपेक्षितच नव्हती. घरी येताना मी तुमच्यावर इतकी चिडले होते की रस्त्यातच मोठ्यानं बोलायला लागले. तुम्ही मला फसवलंत. तुम्ही पारावर किल्ली ठेवलीत तेव्हा गाव मला हो म्हणालं नव्हतं, तुम्हाला हो म्हणालं होतं. तुमच्या लंगड्या पायाला, तुमच्या जिभेला, तुमच्या धाकाला. मी पंधरा वर्षं तुमच्या सावलीत बसून समजत होते की ऊन माझं आहे. तुम्हाला हे माहीत होतं? माहीत असूनच तुम्ही ते कुंकू मागायला निघाला होतात का, म्हणजे एकदा तरी कुणीतरी माझ्याकडे बघून द्यावं म्हणून? आणि मी "मले पाह्यजेच नाई" म्हणून ऐटीत बसले.

आता मी काय करू? घरात दोन विधवा आहेत आणि शेडात एक गाडी, तिला कुणी बोलावत नाही. पोळ्याला विचारतील का? मला नाही वाटत. एखादा चांगला माणूस येईल, "तुमाले तरास नोको" म्हणेल, आणि चहा पिऊन जाईल. मी पंचावन्नची आहे. रात्रंदिवस भीती वाटते. पुन्हा त्या मागच्या खोलीतली बाई व्हायचं, लग्नघरात वाढायला चालणारी पण समोर न चालणारी. मी ते विसरले होते हो. तुम्ही मला विसरायला लावलं होतं. त्याचे उपकार मानू की त्याबद्दल तुम्हाला दोष देऊ, हे मला ठरवता येत नाही. सकाळी उपकार मानते, संध्याकाळी दोष देते.

काल अश्विनीचं लग्न झालं. मी अक्षता टाकायला गेले, मागे उभी राहिले आणि पंगतीला न थांबता परत आले. घरी आले, लुगडं बदललं आणि शेडात गेले. कशासाठी ते विचारू नका. जायला दुसरी जागा नव्हती.

सगळं पुन्हा सोडवलं, ताटात मांडलं आणि या वेळी जोडायची घाई केली नाही. गाडी कुठे न्यायचीच नव्हती. नुसती बघत बसले. बघता बघता त्या तयार पॅकिंगवर नजर गेली. त्याला दोन भोकं होती आणि खालच्या लोखंडात तीन. तिसरं भोक झाकलं जात होतं. म्हणजे मी रोज नवा जेट बसवून त्याच्या वाटेवरच दार लावत होते. तुम्ही तयार पॅकिंग कधीच वापरलं नाही, तुम्ही ते जाड लग्नपत्रिकेतून कापायचे आणि तेलात बुडवून बसवायचे, आणि मी त्याला चिक्कूपणा म्हणून तुम्हाला चिडवायचे. घरात एकच पत्रिका होती. अश्विनीची. मी ती तुमच्या कात्रीनं कापली. गणपती वाचवला, नवरदेवाच्या गावाचं नाव गेलं. तीन भोकं पाडली. जोडलं. दीड आटा.

तेवढ्यात बँड वाजला, रस्त्यावरून पांढरी गाडी हॉर्न देत शिवेकडे गेली. फटीतून मला फक्त तिच्या टपावरची फुलं दिसली. मी डाव्या हातानं हँडल धरलं.

पहिल्या फेरीला खोकली. दुसरीला गप्प. तिसरीला ती सुरू झाली, भाऊजी. सुरू झाली! मी हँडल टाकून सीटवर धावले आणि ॲक्सिलेटरवर पाय ठेवला. शेड हादरायला लागलं, पत्रे वाजायला लागले. तोच आवाज. अर्धा इकडे पाव तिकडे असेल, पण तोच. पोरगी शिवेपार होत होती, आणि मी बंद दाराआड सुरू गाडीत बसून होते.

आणि दार उघडलं. सुमन धावत आली होती, पायांत चपला नाहीत, हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले, चेहरा कसा सांगू, नव्या नवरीसारखा उजळलेला. उंबरठा ओलांडून थेट आत आली.

"आले का जी?" ती म्हणाली.

मग तिला मी दिसले.

तिचा चेहरा विझताना मी पाहिला. ते पाहण्यापेक्षा मला देवानं आंधळं केलं असतं तरी चाललं असतं. मी किल्लीकडे हात नेला. "नोका," ती ओरडली. "बंद नोका करू, बाई. राहू द्या." ती पुढे झाली, पिठाचे हात तापत्या बॉनेटवर ठेवले, त्यांवर कपाळ टेकलं, आणि एकवीस दिवसांत जे निघालं नव्हतं ते तिच्या पोटातून निघालं. जनावर हंबरावं तसं. गावात लग्न होतं, मांडवातली माणसं अजून रस्त्यावर होती, असल्या दिवशी रडणं ऐकू गेलं तर लोक बोलतात.

मी ॲक्सिलेटर आणखी दाबला.